मोऱ्याची पडकी खिडकी

मे महिन्यात उरणला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून अदीब आपली माणसं नोव्हेंबरातल्या मंगळवारी नेई. पनवेलच्या कॉलेजात तो इतिहास शिकवायचा आणि दिवाळीच्या सुट्टीत लोकांना जुनी गावं दाखवायचा. त्या दिवशी सहाजण होते. किनारा मोकळा होता, मोरा बंदराच्या धक्क्यावर दोन होड्या नुसत्या डुलत होत्या.

धक्क्यामागे एक पडकं दगडी घर होतं. छप्पर नाही, समुद्राकडे उघडी एक खिडकी. हेतलने विचारलं, "सर, हे कुणाचं?"

अदीबला ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. "एका पोर्तुगीज कप्तानाचं," तो म्हणाला, आणि मग थांबलाच नाही. कप्तान बुडाला, त्याच्या बायकोने या खिडकीत बसून बारा वर्षं वाट पाहिली. सगळे गप्प होऊन ऐकत होते. हेतल मोबाइलवर टिपून घेत होती.

शेजारी चंद्रावती नावाची एक म्हातारी दोरीवर बोंबील वाळत घालत होती. हेतलने तिलाच गाठलं. "आजी, तुम्हीही ऐकलीय का ही गोष्ट?"

म्हातारीने अदीबकडे पाहिलं.

"आयकली हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

बाकीचे चहाला गेले तसा अदीब मागे फिरला. "मावशी, हे घर कुणाचं आहे?"

"आमचं. वादलात छप्पर बसलं. आमचं मानूस आत होतं."

अदीबला कुठे पाहावं ते कळेना. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"चार मानसांत तुमचं तोंड पडलं असतं," चंद्रावती म्हणाली. रागाचा लवलेशही नव्हता. रागावली असती तर त्याला सोसलं असतं.

परतीच्या गाडीत जासईच्या पुढे त्याने सगळ्यांना खरं सांगितलं. मग हेतल हसून म्हणाली, "जाऊ द्या ना सर, तुमचीच गोष्ट छान आहे. मी ती ऑनलाइन टाकलीसुद्धा." त्याने हात जोडले तेव्हा तिने ती काढली, पण तोवर ती कुठे कुठे पोचली होती.

घरी अम्मी जेवायला हाका मारत होती. छपराखाली गेलेल्या तिच्या नवऱ्याचं नाव विचारायचंही आपल्याला सुचलं नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

पुढच्या मंगळवारी तो एकटाच गेला. चंद्रावतीने त्याला ओळखलं, बसायला पाट दिला.

"मावशी, काकांचं नाव काय होतं?"

"बुधाजी." मग ती बराच वेळ बोलत राहिली. बुधाजीला पोहता येत नव्हतं, तरी जन्म होडीत गेला. वादळाच्या दिवशी ताप होता म्हणून घरी राहिला.

अदीब खाली मान घालून ऐकत होता. शेवटी तिने विचारलं, "आता हे पन लोकांना सांगनार काय?"

"तुम्ही सांगा म्हणालात तरच," अदीब म्हणाला.