गप्प बसणाऱ्यांची संमती

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या एका खोऱ्यात कारखान्याने नदीत विष सोडलं, म्हणून अकरा हजार लोकांच्या वतीने खटला चालला होता. आज न्यायाधीश तडजोडीला मंजुरी देणार होते. पुढे त्यांच्यापैकी कुणाला कसलाही आजार निघाला तरी कारखान्याकडे दाद मागता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यांच्यातल्याच, मागच्या बाकावर बसलेल्या आर्डिथ कटलिपच्या मुलाला मात्र आठवड्यापासून लघवीतून रक्त जात होतं.

"तडजोडीची नोटीस वकिलांनी सगळ्यांना टपालाने धाडली होती; हरकत फक्त तिघांची आली," न्यायाधीश म्हणाले. "म्हणजे बाकीचे समाधानी आहेत."

"समाधानी कसले," शेजारी बसलेला तिचा दीर डेन्झिल पुटपुटला. "मागे कोळशाच्या खाणवाल्यांनी वकिलांकरवी नोटिसा धाडून घरं खाली करवली, तेव्हापासून वकिलाचं कुठलंही पाकीट आपल्याकडे न फोडताच चुलीत जातं. तूही तेच केलंस ना, वहिनी?"

आर्डिथ उठली. "साहेब, मला बोलायचंय."

"मुदतीत लेखी हरकत दिली होती का, बाई?"

"नाही."

"मग बसा."

ती उभीच राहिली. न्यायाधीशांनी मान खाली घालून सही केली.

मुलाच्या तपासणीचा निकाल दुपारी यायचा होता. तो काहीही आला, तरी आता तो फक्त कटलिपांच्या घरचा प्रश्न होता.