एका लिटरचा पल्ला

मित्रांनो, आजवर किती घरांच्या खिडक्या माझ्या पाठीवरून गेल्या, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. मी एक निळी पिकअप गाडी आहे. पुढे माणसे बसायला केबिन, मागे सामानाला उघडा हौदा. दारांवरचा रंग उन्हाने उडाला आहे आणि हौद्याच्या पत्र्यावर ओरखडेच ओरखडे आहेत. पण जुनी झाली म्हणून कोणी माझी कीव केलेली मला खपत नाही. मी अजून रोज कामाला जाते, आणि ऐटीत जाते.

माझ्या पोटात दोन यंत्रे आहेत. एक पेट्रोलवर चालणारे इंजिन आणि दुसरी विजेवर चालणारी मोटर. मागच्या बाकाखाली बॅटरी आहे. म्हणून मला हायब्रिड म्हणतात. मला भिंतीतल्या प्लगला जोडावे लागत नाही. चालकाने ब्रेक हळूच दाबला की माझी फिरती चाके मोटरला फिरवतात, त्यातून वीज तयार होते आणि बॅटरीत साठते. पुढच्या चौकातून निघताना तीच वीज मला ढकलते आणि तेवढा वेळ इंजिन गप्प बसते. इतर गाड्या ब्रेक तापवून जे उधळतात, ते मी गाठीला बांधते. काटकसर माझ्या रक्तातच आहे म्हणा ना!

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या पुढच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता. एका लिटरला सोळा किलोमीटर. तो कागद मी पदकासारखा मिरवत होते. सोळाचा आकडा बंद खोलीत, फिरत्या रुळांवर, पाठ रिकामी असताना मोजलेला होता. तिथे ना वारा होता, ना चढ, ना खड्डे. खरा रस्ता मी तोवर पाहिलाच नव्हता.

मला घ्यायला आले ते खिडक्यांना काचा बसवणारे कारागीर होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. सोबत त्यांची मुलगी होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिचे नाव पडले भिंगरी, आणि शिक्षण संपवून बापाच्या धंद्यात आली तरी ते काही पुसले गेले नाही. तिसरे होते तिचे मामा. दुकानाचा माल पोचवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

आप्पांनी कागद वाचला आणि विक्रेत्याला विचारले, "हे झालं कागदावरचं. माझ्या काचा भरल्यावर किती देईल?"

विक्रेता हसला. "ते मी कसं सांगू? ते तुमच्या पायावर आहे."

त्या उत्तराचा अर्थ मला पहिल्याच महिन्यात कळला. मामांचा पाय भलताच जड होता! सिग्नल हिरवा झाला की ते मला गोळीसारखे सोडत आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक मारत. असा ब्रेक मारला की माझ्या हाती फारशी वीज लागत नाही, सगळे काही ब्रेकच्या तापण्यात जाते. शिवाय काचा उभ्या ठेवायची उंच लोखंडी घोडी हौद्यात कायमची बसवलेली असे. पाठ रिकामी असली तरी ती घोडी वारा अडवायची. मोठ्या रस्त्यावर मामा वेग वाढवत तेव्हा समोरचा वारा भिंतीसारखा उभा राहायचा आणि इंजिनाला धाप लागायची. चाकांत हवाही कमी होती.

महिनाअखेरीला मामांनी दुकानात येऊन किल्ली फळीवर आपटली.

"लिटरला बारा! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. फसलात तुम्ही, भाऊजी. देऊन टाका परत."

समोरचा शिंपी, शेजारचा कुलूपवाला, सगळे दारात येऊन हसले. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी खोटी नव्हते हो, पण ते सांगणार कशी?

आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, चाकांवर हात दाबून पाहिला आणि म्हणाले, "उद्यापासून थोडे दिवस मी चालवतो."

दुसऱ्या दिवशी आधी चाकांत हवा भरली गेली. घोडीचे बोल्ट सैल करून ती अशी बसवली, की रिकामे येताना उतरवून हौद्यात आडवी ठेवता यावी. मग हौद्यात एक माणूसभर उंचीचा आरसा चढला आणि आप्पा स्टिअरिंगवर बसले.

मित्रांनो, ज्याचे आयुष्य काचेत गेले, त्याच्या हातापायांना घाई माहीत नसते. आप्पा दूरचा सिग्नल पाहून आधीच पाय उचलत. ब्रेक असा दाबत, जणू झोपलेल्या बाळाच्या खोलीचे दार लावत आहेत. मला भरभरून वीज मिळू लागली. गल्ल्यांमधून मी कित्येकदा इंजिनाशिवायच सरकायचे. शहरातल्या ज्या गर्दीत बाकीच्या गाड्या पेट्रोल ढोसतात, त्याच गर्दीत माझी भूक सगळ्यांत कमी, हे तिथे माझे मलाच कळले.

चालकासमोरच्या छोट्या पडद्यावर लिटरला अठराचा आकडा दिसू लागला. मामांना ते पटेना.

"पडद्याचं काय सांगता? तो स्वतःच स्वतःची पाठ थोपटतो. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या फेऱ्या करा, पुन्हा काठोकाठ भरा. मग बोलू."

"आणि सोळाच्या वर निघालं तर?" भिंगरीने विचारले.

"तर महिनाभर गाडी मी धुईन."

"मामा, पाणी गार असतं हं सकाळचं!"

टाकी भरली, फेऱ्या झाल्या, टाकी पुन्हा भरली. भागाकार भिंगरीने केला, मामांनी केला, मग मामांनी पुन्हा एकदा केला. लिटरला सतरा. पडद्याने थोडी बढाई मारली होती हे खरे, पण कागदावरच्या आकड्याला मी मागे टाकले होते. तेही काचा वाहून! महिनाभर मामा बादली घेऊन मला धूत होते आणि तोंडाने पुटपुटत होते. शिंपी दारात बसून सांगायचा, "मामा, तिकडे कोपरा राहिला." त्या महिन्यात मी जितकी चमकले, तितकी पुन्हा कधीच चमकले नाही.

पुढे भिंगरीही माझ्यावरच चालवायला शिकली. आप्पा शेजारी बसत.

"मागे काच आहे असं समज," ते म्हणायचे.

"पण मागे तर काहीच नाही, आप्पा."

"म्हणून तर समज म्हणतोय. असती तर सांगावं लागलं असतं का?"

सगळे दिवस सतराचे नव्हते, हेही सांगायला हवे. कडाक्याच्या थंडीत माझे इंजिन गरम व्हायला वेळ लागे, तेव्हा आकडा घसरे. जड काचा आणि चढ एकत्र आले की तेरावर यायचा. पण आता त्यावरून मला कोणी खोटी म्हणत नसे. "आज चढ होता," एवढेच घरात म्हटले जाई.

आणि मग ते वादळ आले.

रात्रभर वारा घोंगावला. सकाळी पाहिले तर विजेचे खांब आडवे, झाडे रस्त्यात, शहरभर वीज नाही. विजेशिवाय पंपातून पेट्रोल येईना, त्यामुळे सगळे पेट्रोल पंप बंद. आप्पांचा उजवा हात शिडीवरून पडल्याने आधीच प्लास्टरमध्ये होता. अशात डोंगरापलीकडच्या एका छोट्या गावातून फोन आला. तिथल्या प्रसूतिगृहाची परिचारिका बोलत होती.

"आमच्या वॉर्डाच्या खिडक्या गेल्या. प्लास्टिक लावलं तर वारा ते फाडून नेतोय. बाळं स्वयंपाकघरात हलवली आहेत. एक अगदी नाजूक आहे, दिवस भरायच्या आधी आलेलं. संध्याकाळी पुन्हा वारा सुटणार म्हणतात. कोणीतरी या हो!"

गावात काचांचे दुकान नव्हते. मामांची नवी डिझेल गाडी पडलेल्या झाडामागे अडकलेली. राहिले मी. आणि माझ्या टाकीचा काटा तळाशी टेकत आला होता.

भिंगरीने मला चालू केले. पडद्यावर आकडा आला. साठ किलोमीटर जाईल. गाव चाळीसवर होते.

"पोचेल की," ती म्हणाली.

"साठ सपाटीवरचे आहेत," मामा म्हणाले. "पाठीवर काचा, समोर अख्खा घाट. अर्ध्यात बंद पडलात तर ना इकडचे ना तिकडचे. पोरी, वेडेपणा करू नकोस."

भिंगरी आप्पांकडे पाहत राहिली. आप्पांनी वाकून टाकीचा काटा पाहिला. मग विचारले, "तू नेशील?"

"नेईन."

"मग मी शेजारी बसतो. हात मोडलाय, तोंड नाही."

भिंगरी आणि मामांनी मिळून माझे ओझे उतरवले. जादा हत्यारांच्या पेट्या, जुनी साखळी, रंगाचे डबे, सगळे खाली. फक्त वॉर्डाच्या मापाच्या काचा आणि लागतील तेवढी अवजारे घेतली. मामा तोंडाने नको नको म्हणत होते आणि हातांनी माझ्या चाकांत हवा भरत होते.

सपाटीचा रस्ता बरा गेला. मग घाट लागला. मित्रांनो, चढ कोणालाच फुकट सोडत नाही. इंजिन घरघरू लागले आणि पडद्यावरचा आकडा कोसळू लागला. चाळीस, मग तीस, मग पंधरा. तेवढ्यात काट्याशेजारचा पिवळा दिवा लागला. भिंगरीने स्टिअरिंग घट्ट धरले. घाबरल्यावर माणसाचा पाय आपोआप दाबला जातो. तिचा दाबला गेला नाही.

"आप्पा, आकडा संपला," ती म्हणाली. पडद्यावर आता नुसत्या रेघा होत्या.

"रस्ता बघ. पडद्याकडे मी बघतो," आप्पा म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताने पडद्यावर रुमाल टाकला.

मी खोकले. एकदा, दोनदा. टाकीच्या तळचे जे काही होते ते मी शोधून शोधून इंजिनाला दिले. दुसरी कोणती गाडी असती तर काय झाले असते, मला ठाऊक नाही. मी शेवटचे वळण घेतले, खिंड ओलांडली आणि समोर उतार पसरला.

"आता सोड," आप्पा म्हणाले. "हळू. काच आहे मागे."

तिने पाय उचलला. इंजिन थांबले. माझी चाके मोटरला फिरवू लागली आणि बॅटरी भरत गेली, वळणामागून वळण. चढाने जे घेतले होते, त्यातले थोडे उताराने परत दिले. घाट संपला तेव्हा गावापर्यंतची वाट मी त्या विजेवर चालले. इतक्या गुपचूप, की प्रसूतिगृहाच्या अंगणात उभी राहिले तरी आत कोणाला पत्ता नव्हता. भिंगरीने दार वाजवले तेव्हा परिचारिका दचकली.

"अहो, कशावरून आलात तुम्ही? आवाज कसा नाही आला?"

भिंगरीने माझ्याकडे बोट दाखवले.

मग कामाला वेळ लागला नाही. आप्पा मापे सांगत, भिंगरी काच कापे, नव्या बाळांचे वडील काचा धरून उभे राहत. चौकटींना भोके पाडायला ड्रिल हवे होते आणि वीज तर नव्हती. माझ्या हौद्यात एक प्लग आहे. आप्पांनी ड्रिलची वायर त्यात खुपसली.

"आप्पा, हे वापरलं तर परत जायला काही उरणार नाही," भिंगरी म्हणाली.

"आज परत कोणाला जायचंय?"

उताराने दिलेली वीज अशी खिडक्यांना लागली. शेवटची काच बसली, आणि थोड्याच वेळात वारा सुटला. तो काचांवर थडकत राहिला, पण आत आला नाही. परिचारिकेने ते नाजूक बाळ वॉर्डात आणून उबदार दुलईत ठेवले. ते वाचले. मी अंगणात उभी होते, टाकी कोरडी, बॅटरी रिकामी. एवढी रिकामी मी पूर्वी कधी झाले नव्हते, आणि माझा ऊर एवढा भरूनही कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वीज आली, झाड हटले, आणि मामा आपल्या गाडीतून पेट्रोलचा डबा घेऊन घाट ओलांडून आले. परिचारिकेने त्यांना विचारले, "ही गाडी तुमची?" मामांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "आमची," ते म्हणाले, "आणि काय समजलात!"

पण कौतुक कायम टिकत नाही. धंदा वाढला, भिंगरीने मोठा ट्रक घेतला आणि मी दुकानामागे पडून राहू लागले. माझ्या बॅटरीला थंड ठेवायला मागच्या बाकाखाली हवेची एक जाळी आहे. तिच्यावर कोणी गोणपाट टाकले, वर काच घासल्याची धूळ बसली. बॅटरीचा जीव गुदमरू लागला. कधी कामाला काढलेच, तर आकडा दहावर. एक मेकॅनिक येऊन पाहून गेला. "बॅटरी मेली. भंगारात द्या."

तेव्हा मामा उठले. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे.

"भंगारात? आधी तिला झालंय काय ते तर बघा!"

ते स्वतः बाकाखाली वाकले, गोणपाट ओढून काढले, जाळीतली धूळ ब्रशने आणि पंपाने साफ केली. चाकांत हवा भरली, जुने तेल बदलले. आठवडाभरात मी पंधरावर आले. सतरा आता होत नाही, वयाचा तेवढा मान ठेवायला हवा. पण पंधरा, या वयात!

मित्रांनो, गाडी असो, सायकल असो की घरातला पंखा, यंत्र एकाएकी आळशी होत नाही. त्याचा कुठेतरी श्वास कोंडलेला असतो. त्याला टाकून देण्याआधी एकदा वाकून बघा. पेट्रोलचा प्रत्येक थेंब फार लांबून येतो, गाडी उगाच दामटून तो वाया घालवू नका.

आता लहान कामांना मामाच मला नेतात. आम्ही इतके सावकाश जातो, की मागचे लोक हॉर्न वाजवतात. कालच एकजण बाजूला येऊन ओरडला, "आजोबा, झोप लागली का?"

मामांनी काच खाली केली आणि हसून हात पुढे दाखवला.

"जा बाबा, जा. आमच्या मागे कोणाच्या तरी घरची खिडकी आहे."