आल्बी ट्रेलोरचे चौदा घोडे

फोन आला तेव्हा ऊना पॅस्को गोठ्याची फरशी धूत होती. प्राण्यांच्या हेळसांडीच्या तक्रारी बघणारी इन्स्पेक्टर बोलत होती.

"बुटके घोडे आहेत. चौदा तरी असतील. तुझ्याकडे जागा होईल?"

"कुणाचे?"

"आल्बी ट्रेलोरचे."

ऊनाने पाइप खाली टाकला. पाणी वाहत राहिलं. तिला धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही.

विमेराच्या त्या गहू-मेंढ्यांच्या मुलखात कमरेला लागतील एवढे घोडे पाळणारं दुसरं कुणी नव्हतंच. आल्बी आणि त्याची बायको ग्वेंडा यांनी चाळीस वर्षं ते पाळले, जपले आणि प्रदर्शनांतून मिरवले. ऊनाचा नवरा वारला आणि तिने गाई विकल्या, तेव्हा आल्बीनेच एक म्हातारी घोडी तिच्या दारात आणून दावं तिच्या हातात दिलं होतं. "ठेव. रिकाम्या गोठ्यात माणसाला वेड लागतं," एवढंच तो म्हणाला होता. पुढे लोक खेळणं म्हणून असले घोडे घ्यायचे आणि हौस फिटली की टाकून द्यायचे, ते सगळे ऊनाच्या गोठ्यात येऊ लागले. त्यांना काय खायला घालायचं, किती घालायचं, खूर कधी कापायचे, सगळं तिला आल्बीने शिकवलं. ग्वेंडाला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा; कडाक्याची थंडी होती. ऊना ट्रेलर घेऊन पोचली तेव्हा इन्स्पेक्टर आणि जनावरांची डॉक्टर रूथ डॅनाहर फाटकाशी उभ्या होत्या. आतल्या कुंपणाची लाकडं अर्ध्यापर्यंत कुरतडलेली होती. चिखल घोड्यांच्या पोटाला लागत होता.

लांबून पाहिलं तर घोडे चांगले गुबगुबीत दिसत होते. हिवाळ्यात त्यांना मेंढीसारखी लोकर येते, आणि सगळी फसगत तिथेच होते. ऊनाने पहिल्या घोडीच्या पाठीवर हात ठेवला. बोटं लोकरीतून आत आत गेली आणि बरगड्यांच्या मधल्या खाचांत जाऊन बसली. घोडीने मान वर केली नाही. तिचे पुढचे खूर वाढून, मोजडीच्या टोकासारखे वर वळले होते. ती टाचांवर उभी होती.

शेडमध्ये ताडपत्रीखाली दोन मेलेले घोडे सापडले. त्यातला एक मरून फार दिवस झाले नव्हते.

"तू पलीकडच्याच रस्त्याला राहतेस ना?" इन्स्पेक्टरने वहीत लिहिता लिहिता विचारलं. "कधी काही दिसलं नाही?"

"नाही," ऊना म्हणाली.

आल्बी घरातून बाहेर आला. शहात्तर वर्षांचा, पण शर्ट इस्त्रीचा, केस पाणी लावून विंचरलेले. जाकिटावर प्रदर्शनात पंच म्हणून मिळालेला बिल्ला.

"अरे, ऊना! ये, ये. चहा टाकतो."

"आल्बी, हे काय करून ठेवलंस?"

"काय केलं? हिवाळ्यात उतरतातच थोडे. बुटक्याच्या अंगावर चरबी चढली की त्याचे पाय गेले, हे तुला कुणी शिकवलं?"

"तू शिकवलंस. पण यांच्या अंगावर चरबी नाही. मांससुद्धा नाही."

"डॉक्टरीणबाई बरोबर आली की लगेच अक्कल आली वाटतं," तो रूथकडे बघून म्हणाला.

इन्स्पेक्टरने ऊनाला बाजूला घेतलं. आल्बीने ताबा सोडल्याच्या कागदावर सही केली, तर घोडे आजच ऊनाचे होतील. नाही केली, तर ते खटला संपेपर्यंत पुरावा म्हणून अडकतील आणि प्रत्येक बाबतीत परवानगी मागत बसावं लागेल. "माझं तो ऐकणार नाही. तू बोलून बघ."

स्वयंपाकघर लख्ख होतं. एक कप, एक ताटली, एक चमचा. खिडकीत ग्वेंडाचा चष्मा घडी घालून ठेवलेला. आल्बीने कागद वाचला, उलटा करून ठेवला आणि खरंच चहा टाकायला उठला.

"सही कर, आल्बी."

"माझी जनावरं आहेत."

"म्हणूनच म्हणते."

"नाही केली तर काय करतील? बांधून नेतील मला?"

ऊनाने चष्म्याकडे पाहिलं. जे बोलू नये असं वाटत होतं, तेच ती बोलली. "ग्वेंडा असती तर तिने आपण होऊन सही केली असती."

"ग्वेंडा असती तर तुम्ही तिघी इथे आलाच नसता," तो म्हणाला. पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली. त्याने पेन उचलून सही केली. ऊनाला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. मेलेल्या बाईच्या आडून वार केल्यासारखं वाटलं.

रूथने एकेक घोडा तपासला. तिघांच्या खुरांतलं हाड तळव्यातून बाहेर आलं होतं. "यांना गाडीत चढवणंसुद्धा पाप आहे," ती म्हणाली. "इथेच संपवते."

"मी धरतो," आल्बी म्हणाला. "शेवटी परका हात नको त्यांना."

इन्स्पेक्टर काही बोलणार होती, पण ऊनाने मान हलवली आणि ती थांबली. आल्बीने तिन्ही घोड्यांना पाळीपाळीने मोरखी घातली, कपाळावरची झुलपं बाजूला सारली आणि मान नीट धरली. सुई गेल्यावर प्रत्येकाला त्याने आपल्या अंगावर रेलवून हळूहळू खाली बसवलं. चिखलात बदकन पडू दिलं नाही एकालाही. तिसरा झाल्यावर त्याने मोरख्या पुसल्या आणि शेडच्या खिळ्याला टांगल्या.

"बाकीच्यांना एकदम पोटभर घालू नकोस," ऊना ट्रेलरचं दार लावत असताना तो म्हणाला. "मरतील."

"माहीत आहे."

अकरा घोडे तिच्या गोठ्यात आले. उपाशी माणसाला पंगतीत बसवलं तर तो मरतो, तसंच यांचं. दर तीन तासांनी मूठभर लसूणघास, बस. घोडे दारावर डोकी आपटायचे, रिकाम्या घमेल्यांची कड चावायचे, आणि ऊना उरलेली पेंढी उचलून घेऊन जायची. दारात परत येऊन ती पुन्हा पाहायची, तर अकराच्या अकरा माना तिच्याकडे वळलेल्या असायच्या.

नालबंद टोनो व्हेला दुसऱ्या दिवशी आला. बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. पहिला पाय उचलून त्याने तो उजेडाकडे वळवून पाहिला. कानशीने घासून नव्हे, करवतीने त्याला सुरुवात करावी लागली. एका बैठकीत फार कापता येत नाही. पायाचे स्नायू त्या वाकड्या चालीला सरावलेले असतात, ते तुटतात. थोडं आज, थोडं तीन आठवड्यांनी.

"वीस वर्षं मी जायचो त्याच्याकडे," शेवटी तो म्हणाला. "ग्वेंडा गेली आणि त्याचा फोन यायचा बंद झाला. मला वाटलं, दुसरा कुणी स्वस्तातला धरला असेल. राग धरून बसलो मी. ढुंकून पाहिलं नाही." त्याने कापलेला तुकडा बादलीत फेकला. "गाढव मी."

"पाय धर नीट," ऊना म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी एका करड्या शिंगरीने खाणं टाकलं. रूथने रक्त काढलं आणि नळी उजेडात धरली. रक्तावर दुधाची साय यावी तसा पांढरा थर चढला होता. उपाशी शरीराने साठवलेली शेवटची चरबी रक्तात सोडली होती, आणि आता त्या चरबीनेच यकृत निकामी होत होतं. नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. दोन दिवस ऊना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी शिंगरी गेली. तिच्या पाठोपाठ एका घोडीने दिवस भरण्याआधीच मेलेलं पिल्लू टाकलं आणि आठवड्याच्या आत तीही गेली. उरले नऊ.

खटला नोव्हेंबरात उभा राहिला. कोर्टात बाकं भरली होती. आल्बीला ओळखत नाही असं त्या गावात कुणी नव्हतं. रूथने फोटो दाखवले. मग ऊनाला बोलावलं. शपथ झाली. आल्बीचा वकील तरुण होता, नम्रपणे बोलत होता.

"मिसेस पॅस्को, आपण माझ्या अशिलाला बरीच वर्षं ओळखता. जुलैच्या आधी ही जनावरं आपण शेवटची कधी पाहिली?"

इन्स्पेक्टरला तिने एकदा 'नाही' म्हटलं होतं. तेच पुन्हा म्हणता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं.

"गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात," ऊना म्हणाली.

वकिलाने कागदावरून मान वर केली. त्यालाही हे अपेक्षित नव्हतं.

"त्यांच्या फाटकाशी गाडी थांबवली होती मी. चार घोडे कुंपणाजवळ होते. खूर वाढलेले दिसत होते. एक लंगडत होता."

"मग आपण आत गेलात?"

"नाही."

"कुणाला कळवलंत?"

"नाही. त्यानेच मला सगळं शिकवलं होतं. त्याला मी काय सांगणार, असं वाटलं. म्हटलं, लवकरच कापून घेईल. मग रोज उद्या जाईन म्हणत राहिले. नऊ महिने." "जुलैत इन्स्पेक्टरने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

आणखी प्रश्न नाहीत, असं सांगून वकील खाली बसला.

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेरच्या बाकावर बसली होती. आल्बी येऊन तिच्या शेजारी बसला.

"पाहिलं होतं मी तुला," तो म्हणाला. "पडद्याआड उभा होतो. वाटलं, आता येईल आत. आणि वाटलं, देवा, येऊ नको देऊ."

"टोनोला का नाही बोलावलंस रे? त्याला एक फोन केला असतास."

"तो आला की गाडीतूनच ओरडायचा, 'ग्वेंडा, केक काय केलायस?'" आल्बी आपल्या बुटांकडे बघत होता. "त्याला सांगावं लागलं असतं. दफनाला आला होता तो, माहीत होतं त्याला. पण तरी तो त्या अंगणात येऊन काहीच न ओरडता उतरला असता ना, ते मला झेपलं नसतं. मग सहा आठवडे झाले, मग सहा महिने. मग इतके वाढले खूर, की दाखवायची लाज वाटायला लागली. मग ते दिसू नयेत म्हणून मी मागच्या दारानेच जायला लागलो."

ऊनाला त्याला माफ करता आलं नाही. पण त्याचं म्हणणं तिला अक्षर न् अक्षर कळलं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

आल्बीला दहा वर्षं जनावर पाळायला बंदी झाली. ऊनाला शिक्षा झाली नाही. तिला जे मिळायचं ते गावाने दिलं. गोठ्यावर मदतीला येणाऱ्या दोन बाया यायच्या बंद झाल्या. दुकानात कुणीतरी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं म्हणालं, "घोडे वाचवणारी म्हणे!" टोनो मात्र ठरलेल्या दिवशी आला.

"तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?" त्याने विचारलं.

"तू नसतं ठेवलंस."

"मी ठेवलं असतं," टोनो म्हणाला आणि पुढचा पाय उचलला.

फेब्रुवारीत ऊना आल्बीला त्याच्या घरून घेऊन आली. बोलवायला ती स्वतः गेली होती. तो दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा टोपी घेऊन बाहेर आला. उन्हाळ्यात लोकर झडून घोड्यांची कातडी तुकतुकीत झाली होती. त्याने आत जायला नकार दिला. कुंपणावर हात टेकून तो उभा राहिला. एक घोडी त्याच्या आवाजाने कान टवकारून दोन पावलं पुढे आली, थांबली, आणि पुन्हा चरायला वळली.

"बरोबर आहे तिचं," आल्बी म्हणाला.

ऊनाने खडू काढला. घोडे कोर्टाच्या कागदांवर नुसते आकडे होते. गोठ्याच्या फळीवरही तिने तेच लिहिले होते. "नावं सांग ना."

त्याने सांगितली. क्लोव्हर, मॅग्पाय, लिटल सार्जंट, प्रत्येकाची आई, आईची आई, कुणी कुठे बक्षीस मिळवलं. सात झाली. उरलेल्या दोघांपाशी तो अडखळला. ग्वेंडा गेल्यावर जन्मलेली दोन शिंगरं होती ती, आता अंगाने भरलेली.

"यांना नाही नाव," तो म्हणाला. "नावं ती ठेवायची."

"मग तू ठेव."

ऊना खडू हातात धरून थांबली. मग त्याने मान हलवली. "मला जमणार नाही ते. जो घेईल तो ठेवील." आणि तो गाडीकडे चालू लागला.

मार्चमध्ये तिघांना घरं मिळाली. त्यात त्या दोन बिननावाच्यांपैकी एक होता. शहराबाहेरचं एक नवरा-बायकोचं जोडपं त्याला न्यायला आलं. ट्रेलरच्या फळीवर पाय ठेवायला तो तयार होईना. बाई पुढून गवत दाखवत होती. ऊनाने मागून खांदा लावला, त्याच्या ढुंगणावर डोकं टेकलं आणि पूर्ण जोर लावून ढकललं. चारही खुरांचा नीट, सारखा आवाज फळीवर वाजला, आणि तो आत गेला. तिने दार लावलं, कडी दोनदा तपासली आणि हात झटकत मागे सरली.

"पहिले काही दिवस गवत थोडं थोडं घाला," ती म्हणाली. "आणि खूर दर सहा आठवड्यांनी. विसरलात तर मला फोन करा. लाज वाटली तरी करा."