कॅनडाचा हिवाळा, बुकित तिमाहचं खुराडं

खुराड्यात चार कोंबड्या होत्या, दोन गोधड्या होत्या, ऊब देणारा एक लाल दिवा होता आणि अंडी शून्य होती. ऋताने गवत बाजूला सारून पुन्हा एकदा मोजलं. अंडी शून्यच होती.

सिंगापुरातल्या बुकित तिमाहच्या या बंगल्यात ती मावशीकडे राहायला आली, तेव्हापासून काका रोज जेवताना बजावत होते, "रविवारपर्यंत अंडं दिसलं नाही, तर या चौघींना कुणाला तरी देऊन टाकणार." ऋताला तर चौघींचा लळा लागला होता.

"मावशी, हा दिवा कशाला गं?"

"वन्संनी फोनवर सांगितलंय. डिसेंबरात पाणी कोमट द्यायचं, गोधड्यांचा आडोसा करायचा, दिवा विझू द्यायचा नाही. त्यांच्या कोंबड्या बर्फातसुद्धा अंडी देतात!"

"अगं, त्या कॅनडात आहेत! इथे एकतीस अंश आहे. बघ, बिचाऱ्या चोची उघडून धापा टाकताहेत."

"पण थोरल्या नणंदेला आता सांगू काय?"

"सांग, आमच्याकडेही बर्फ आलाय."

ऋताने दिवा काढला, गोधड्या वाळत टाकल्या आणि पाण्याच्या भांड्यात फ्रिजमधला बर्फ ओतला. कोंबड्यांनी आधी संशयाने पाहिलं, मग चौघी भांड्यावर तुटून पडल्या. मावशीने बर्फाचा फोटो कॅनडाला पाठवला. लगेच उत्तर आलं, "अगंबाई! मग आता दोन दिवे लाव."

मावशीने फोन पालथा ठेवला.

रविवारी सकाळी खुराड्यात तापमान सव्वीस अंश होतं आणि अंडी दोन.