आगबोट आणि नऊ होड्या

वरवंडला संपतमामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी दुपारी एक नदी अंथरली जाते. दोन प्लायवूड जोडायचे, त्यावर निळं-हिरवं पाणी रंगवलेलं, काठाला लाकडाच्या भुशाचं रान आणि सुतळीच्या वेली. नदी आफ्रिकेतली, दीडशे वर्षांपूर्वीची. गोऱ्या साहेबाची आगबोट नकाशे काढत, झेंडे रोवत वर निघते, आणि काठावरच्या गावांनी होड्या घालून तिला अडवायचं. बोटभर माणसं, वीतभर होड्या, एक फासा. एवढ्यावर चार-पाच मोठी माणसं चहा विसरतात.

आगबोट मामांची. मामा कुरकुंभला फिटर, त्यामुळे पाईपच्या तुकड्याचं धुरांडं आणि पत्र्याचं चाक अगदी खऱ्यासारखं, फुंकर मारली की गरगर फिरणारं. होड्या त्यांच्या भाचीच्या, धनश्रीच्या. ती तिथल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये. पांगाऱ्याचं हलकं लाकूड ब्लेडनं कोरून तिनं नऊ होड्या केल्या होत्या. पोटं गुळगुळीत, नाकं रंगीत, जणू नऊ बहिणी पाण्याला निघाल्यात.

आजचा डाव मात्र साधा नव्हता. पुढच्या महिन्यात पुण्याला अशा खेळांचा मेळावा, आणि इकडून एकच पट जाणार होता. आज जो जिंकेल त्याच्या बाजूनं गोष्ट सांगायची, पाटीही त्याचीच. मामांनी पाटी आधीच रंगवून ठेवली होती, 'साहेबाची सफर'. त्या सफरीत होड्या म्हणजे नुसती शोभा. धनश्रीला शोभा व्हायचं नव्हतं. पण लागोपाठ सहा रविवार ती हरली होती.

"धने, आज तरी अडीव बाई," चहाचा ट्रे टेकवत मुक्तामामी म्हणाली. "घरात चार दिस नुसता भोंगा ऐकतीय मी. जेवताना बी भों करत्यात."

"तू कुनाच्या बाजूची?" मामा गुरकावले.

"जी बाजू भोंगा वाजवत न्हाई तिची."

पंच शेजारचा पृथ्वीराज. त्याच्या शर्टाच्या खिशात धनश्रीची चिठ्ठी होती. नियम असा, की होडीवाल्यानं वाळूच्या तीन जागा आधी गुपचूप लिहून द्यायच्या. आगबोट तिथं आली की रुतली. टाळायचं असेल तर थांबून बांबूनं थांग घ्यायचा, त्यात निम्मी चाल जाते. मामा कधीच थांग घेत नसत. "भीमेच्या काठाला जन्मलो मी. वळणाच्या भायेरनं पाणी खोल, आतनं वाळू. बांबू कशाला?"

धनश्रीही भीमाकाठचीच. म्हणून तर सहाही रविवार तिनं वाळू आतल्या वळणाला लिहिली होती, जिथं ती असायला हवी तिथं. आणि मामा दरवेळी भोंगा वाजवत बाहेरून निघून गेले होते. परवा शिफ्टच्या बसमधून पुलाखाली भीमा दिसली आणि तिच्या डोक्यात लख्ख झालं. अगं, आपण दोघं आफ्रिकेत खेळतोयच कुठं? आपण तर भीमेतच खेळतोय!

डाव सुरू झाला. पहिलं वळण पार, बाहेरून. दुसरं वळण. आगबोट डौलात बाहेरच्या काठाला सरली.

"थांग घेता का, मामा?" पृथ्वीराजनं विचारलं.

"चल, भों!"

पृथ्वीराजनं चिठ्ठी उघडली. पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाला, "मामा, रुतली."

"आँ? भायेरच्या वळणाला वाळू? न्हाई न्हाई, भीमा असं करत न्हाई कवा!"

"ही भीमा न्हाई, मामा. आफ्रिका हाय," धनश्री पटकन बोलली.

"नदी म्हंजी नदी!"

"नियमात कुठं बी लिवायची मुभा हाय," धनश्री म्हणाली. हसू आवरत नव्हतं.

आता शर्यत. फाशावर सहा पडला की आगबोट सुटणार. त्याआधी तीन होड्या तिला भिडल्या की आगबोट गावांची. वेलींआडून नऊ होड्या एकदम सुटल्या. मामांनी फासा टाकला, चार. पण बोटीवरची तोफ धडाडली आणि टप्प्यात आलेल्या चार होड्या उलटल्या. पुन्हा फासा, पाच. "अरारा, एकानं हुकला!" मामांनी मांडीवर थाप मारली. तोफेनं टप्प्यातल्या आणखी दोन खाल्ल्या. उरल्या तीन, लाल नाकाची, पिवळी आणि काळी. तिन्ही भिडायलाच हव्यात, एकही कमी चालणार नाही. लाल भिडली. पिवळी भिडली. काळी चार बोटं मागं. तिला चार किंवा जास्त हवं.

मुक्तामामीनं पदर कमरेला खोचला आणि जात्यावर बसल्यासारखी ओवी धरली,

"नदीच्या पान्यावरी, काळी नार वल्हं मारी,
थांब थांब गं लाटंबाई, हिला जाऊ दे सामोरी..."

"गाणी म्हनायला बंदी हाय!" मामा ओरडले.

"कुठल्या नियमात?" पृथ्वीराज म्हणाला.

धनश्रीनं मुठीत फासा घोळवला. सुटला, प्लायवूडवर तीनदा उडाला, भुशाच्या रानात शिरला, तिथं एका कडेवर गरगरत राहिला. चौघांची डोकी एकमेकांवर आदळली.

पाच.

काळी होडी आगबोटीला टक्कन लागली. धनश्रीनं अशी किंकाळी फोडली की शेडवरची कबुतरं उडाली. मामी तिला धरून फुगडीलाच उभी राहिली.

मामा मात्र पटावर ओणवे. बोटानं ते वळण चाचपत होते, जणू रंगाखाली खरोखर वाळू लागेल. मग त्यांनी पाटी उचलली, उलटी केली आणि ब्रश धनश्रीपुढं धरला.

"लिही काय लिवायचं ते. पन पुन्याला होड्या मी चालवनार."

"न्हाई मामा, तुम्ही बोटच चालवा. तुमच्याइतक्या दिमाखात रुतनारा मानूस मला पुन्यात कुठं घावायचा?"

मामांनी क्षणभर डोळे वटारले. मग एवढ्या जोरात हसले, की धुरांडंच निखळून नदीत पडलं.