आठ प्रकार आणि आमेन

वटारच्या सेलिनबाईंनी बावीस वर्षं चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिलं. प्रश्न विचारायचा, उत्तर पाठ करून घ्यायचं, शेवटी हात जोडून आमेन. त्यांच्या हाताखालचं एकही पोर कधी नापास झालं नाही, आणि हे त्या कुणी न विचारता सांगत.

इंग्रजीशी मात्र त्यांचा छत्तीसचा आकडा. म्हणून चौथीतल्या नातीला, जेसिकाला, पार्ट्स ऑफ स्पीचच्या चाचणीत वीसपैकी चार पडले तेव्हा सुनेनं, मर्लिननं, त्यांना काही विचारलं नाही. मर्लिन वालीवच्या कंपनीत नोकरीला होती आणि घरातही ती निकालच लावायची.

"तोंडी परीक्षेत पंधराच्या खाली आली तर माणिकपूरला क्लास. तीन ते सहा."

तीन ते सहा हाच तर सेलिनबाईंचा दिवस होता. जेसिका शाळेतून यायची, जेवायची, मग दोघी वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडत जगभराच्या चहाड्या करायच्या. बाकीचे एकवीस तास त्या घरात नुसत्या असायच्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुस्तक उघडून बसल्या. नाउन म्हणजे काय, हे जेसिकानं वाचून दाखवलं. सेलिनबाईंना ढिम्म कळलं नाही. मग जेसिकानं वाडीतल्या वस्तू दाखवून सांगितलं. व्हर्बसाठी तिला विहिरीभोवती पळावं लागलं. ॲडव्हर्बसाठी हळू पळावं लागलं. आजीला कळेपर्यंत सुटका नव्हती, आणि आजीला एकेका प्रकाराला दोन-दोन दिवस लागत. शेवटी सेलिनबाईंनी त्यांच्या पद्धतीनं पक्कं करून घेतलं. त्या नाव घ्यायच्या, नात व्याख्या म्हणायची.

परीक्षेनंतर इंग्रजीच्या संपदा मॅडमनी मर्लिनला शाळेत बोलावलं. ती अर्धा दिवस रजा टाकून गेली आणि आली ती थेट स्वयंपाकघरात.

"आई, तुम्ही हिला काय शिकवलंत? प्रत्येक व्याख्येनंतर हात जोडून, डोळे मिटून आमेन म्हणाली. आता सगळा वर्ग म्हणतो. कधी चर्चला न गेलेला तो कौस्तुभसुद्धा!"

"मार्क?"

"वीसपैकी वीस."

सेलिनबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग क्लास नको."

"असं कसं? मॅडम म्हणाल्या, ही दुसऱ्या मुलांनाही समजावून सांगते. एवढी हुशार मुलगी घरात कशी ठेवायची? माणिकपूरला स्कॉलरशिपची बॅच आहे. सोमवारपासून घातलंय."

"किती वाजता?"

"तीन ते सहा."

सोमवारी जेसिका रिक्षात बसून गेली. सेलिनबाईंनी एकटीनं कळ्या खुडल्या. पाऊण तासात काम संपलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

शनिवारी त्या चर्चमध्ये कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, गेल्या.

"फादर, नात नापास झाली असती तर बरं, असं मनात आलं."

जाळीपलीकडून फादरनी विचारलं, "कितीदा?"

"रोज. तीन ते सहा."

"पश्चात्ताप होतोय ना?"

पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही, हे सेलिनबाईंनीच बावीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं. मागे रांगेत माणसं खोळंबली होती. त्यांनी प्रामाणिकपणे आत चाचपून पाहिलं.

"अजून नाही, फादर," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी येते."