उबेचा कोपरा

ओकहुईताईने दुलई उचलली तसा खालून टॉवेलात गुंडाळलेला वाडगा घरंगळत आला. स्टीलचा, झाकणाचा. मी झाकण काढलं. आत भात होता, वर काळे घेवडे, सगळं वाळून खडखडीत झालेलं. आईला दवाखान्यात नेऊन चार दिवस झाले होते.

"अजून ठेवते ही?" ताई म्हणाली.

आमच्याकडे घराची जमीन खालून तापवतात, आणि घरचं माणूस यायचं बाकी असलं की त्याच्या वाटचा भात वाडग्यात काढून जमिनीच्या सगळ्यात गरम कोपऱ्यात दुलईखाली ठेवतात. किती का उशीर होईना, आल्यावर त्याला गरम घास मिळावा म्हणून. आमचा थोरला, गिह्वानदादा, ट्यूनाच्या बोटीवर गेला आणि बोटच परत आली नाही. त्याला अठरा वर्षं झाली. आणि मी, जो आईपासून पाऊण तासाच्या अंतरावर राहतो, ज्याने तिच्या घराचं छप्पर दोनदा बदललं, त्या मला त्या वाडग्यातला एक घासही कधी मिळाला नव्हता. खरं सांगतो, त्या क्षणी मला मेलेल्या भावाचा राग आला. लाज वाटते सांगायला, पण आला. मी भात खरकट्यात ओतला, वाडगा मोरीत टाकला आणि पहार घेऊन त्याच कोपऱ्यापासून जमीन फोडायला लागलो.

बेत ताईचा होता. आई अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, की यापुढे जमिनीवर बसणं नाही आणि झोपणं तर नाहीच. मग ताई म्हणाली, दवाखान्यातून तिला महिनाभर माझ्याकडे नेते, तेवढ्यात आपण तिची खोली नवी करू. तिला काही सांगायचं नाही, एकदम दाखवायची. माझी बायको मीरान लगेच भिंतींचे कागद बघायला निघाली. मी बॉयलरवाला. गेली सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनींखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकतो आहे. जमिनीचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

आईची ती जमीन म्हणजे माझ्या धंद्याला काळिमा होता. बाबांनी कोळशाची चूल काढून स्वतःच्या हातांनी नळ्या टाकल्या होत्या, त्याही कशाबशा. स्वयंपाकघराच्या भिंतीजवळचा कोपरा असा तापायचा की जमिनीवर चिकटवलेला तेलकागद करपून काळपट तपकिरी झाला होता आणि खिडकीखाली पाय ठेवला तर गार लागायचं. मी किती वर्षं म्हणत होतो, की आई, दुरुस्त करून देतो. ती म्हणायची, राहू दे रे, मला तो कोपरा पुरतो.

तो तिला पुरायचा हे खरं होतं. चाळीस हिवाळे तिने बंदरावरच्या शेडमध्ये कालवं फोडली. पहाटे चारला जायची आणि गार पाण्यात उभी राहून सुरीने शिंपा उघडायची. संध्याकाळी घरी आली की आधी त्या कोपऱ्यात दुलईखाली दोन्ही हात घालून बसायची. बोटं वळायला लागेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. आम्ही तिघं भावंडं समोर बसून वाट बघायचो. बोटं वळली की ती म्हणायची, "हं, आता सांगा कोण कुणाशी भांडलं." त्या दुलईखाली तिचे हात असायचे आणि बाबा किंवा दादा यायचा असला तर त्याचा वाडगाही असायचा.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी फोडलं. ताईने एकदा विचारलंही, "सकजू, तो कोपरा तसाच ठेवायचा का रे? तिला आवडतो." मी म्हणालो, "ताई, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? आणि किती दिवस मेलेल्यासाठी भात शिजवत बसणार आहे ती?" डॉक्टरांचं नाव पुढे करून मी माझं उट्टं काढत होतो, आणि ते मला कळत होतं.

काम मात्र झकास केलं. नळ्यांचे चार स्वतंत्र फेरे, प्रत्येकाला वेगळा कॉक, कॉकची पेटी स्वयंपाकघरात ओट्याखाली. खोलीभर कुठेही तळवा टेकवा, ऊब सारखी. मीरानने बारीक फिकट फुलांचा कागद लावून घेतला. ताईने पलंग आणला, उशाशी दिवा लावला, भिंतीला धरायला दांडा बसवला.

आई आली त्या दिवशी ताईने तिचे डोळे झाकून तिला आत नेलं. आईने वॉकरला धरून एकदा सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर हॉटेलच झालं की." मीरान रडायलाच लागली. शेजारच्या मल्सूनकाकू आल्या, त्यांनी पलंग दाबून बघितला आणि म्हणाल्या, "आता काय बाई, राणीसरकार. आमची पोरं मेली फोनसुद्धा करत नाहीत." आई हसली. पलंगाच्या कडेवर ती बसली होती ती मात्र दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी. मग तिने मोजा काढला आणि तळव्याने जमीन चाचपली. थोडं इकडे, थोडं तिकडे.

"ऊन कोपरा कुठं गेला रे?"

"आता कोपरा नाही, आई. सगळीकडे सारखंच."

"हो का," ती म्हणाली. "छान केलंस." आणि मोजा परत चढवला.

त्यानंतर मी तिला फोन करत राहिलो. नवी जमीन नीट तापते का ते विचारायचं निमित्त असायचं, आणि शेवटी माझं नेहमीचं, शनिवारी येतो. हिवाळ्यात बॉयलरवाल्याचा शनिवार त्याचा नसतो. थंडी वाढली की कुणाची नळी फुटते, कुणाचं पाणी गोठतं. आई कधी रागावली नाही. "बरं, जमलं तर ये," एवढंच म्हणायची.

त्या शनिवारीही मी जाणार नव्हतोच. मीरानला तसं सांगूनही टाकलं होतं. पण बंदराजवळचं एक काम लवकर आटपलं आणि माझं नळी कापायचं हत्यार आईच्या स्वयंपाकघरात राहिलं होतं. मी गेलो तो त्या हत्यारासाठी. हेही सांगून टाकलेलं बरं.

दिवेलागण झाली होती. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, कमरेपर्यंत दुलई. मला बघून तिचा चेहरा उजळला, पण ती जागची हलली नाही.

"दुखतंय का?"

"नाही रे. मांडीवर भांडं आहे, सांडेल."

मी दुलई बाजूला केली. तोच वाडगा, टॉवेलात गुंडाळून तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. जमिनीवर वाडगा गरम राहत नव्हता म्हणून ती स्वतःची ऊब देत बसली होती. दुपारपासून, हे नंतर मल्सूनकाकूंकडून कळलं.

माझं डोकंच फिरलं. "आई, दादाला जाऊन अठरा वर्षं झाली गं. अठरा. आणखी किती दिवस त्याचा भात सांभाळणार आहेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो असं.

"गिह्वानचा?" ती म्हणाली. "त्याचं श्राद्ध घालतो ना आपण? अकरा वर्षं वाट बघितली, मग तूच तर घातलंस सात वर्षांपूर्वी पहिलं. गेलेल्याला वर्षातून एकदा वाढतात, सकजू. दुलईखालचा भात येणाऱ्याचा असतो." वाडग्यावरचा टॉवेल सोडत म्हणाली, "तू म्हणालास ना, शनिवारी येतो."

मी तिथेच जमिनीवर बसलो. त्या दिवशी मोरीत टाकलेला वाडगा डोळ्यांपुढे आला. ती पडली तो शनिवार होता. मल्सूनकाकू दवाखान्यात म्हणाल्या होत्या, की रस्त्याकडे बघायला म्हणून अंगणात आली आणि पाय घसरला. मी ऐकलं होतं आणि विसरलो होतो. त्या शनिवारीही मी येतो म्हणालो होतो. सात वर्षांत असे किती शनिवार झाले, आणि दुसऱ्या दिवशी एकटीने बसून तो गार भात तिने किती वेळा खाल्ला, देव जाणे.

"जेव आधी," ती म्हणाली. "कोमट तरी आहे."

मी जेवलो. घेवडे मला लहानपणापासून आवडत नाहीत, दादाच्या ताटात टाकायचो. त्या दिवशी एकही टाकला नाही.

मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालची पेटी उघडली आणि चारांपैकी तीन कॉक बंद केले. फक्त भिंतीजवळच्या कोपऱ्याचा फेरा पूर्ण उघडा ठेवला आणि बॉयलर वाढवला. सव्वीस वर्षांत जमीन मुद्दाम बिघडवायची माझी पहिलीच वेळ.

"काय रे, बिघडलं का?" आईने आतून विचारलं.

"हो, जरा बिघडलंय. आता कोपऱ्यातच तापेल."

"मग राहू दे तसंच," ती घाईघाईने म्हणाली. "दुरुस्त नको करू."

मी घडी घातलेली दुलई कोपऱ्यात पसरली आणि तिच्याखाली हात घालून बसलो. नवी जमीन, वेळ लागतो. आई पलंगावरून बघत होती. खिशात फोन दोनदा वाजला, कुणाचा तरी बॉयलर असणार. मी तो काढला नाही.

"तापला का रे?" तिने विचारलं.

"अजून नाही."

थोड्या वेळाने परत विचारलं. मी परत म्हणालो, अजून नाही. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा हात ठेवता येत नव्हता इतका कोपरा तापला होता.

"अजून नाही, आई," मी म्हणालो. "थोडं बसावं लागेल."